प्रागचा बुरूज आणि मंगलचा गुडघा

सातवीत मंगल आणि मी तिसऱ्या बाकावर बसायचो. भूमितीच्या तासाला सिस्टर ऑगस्टा पहिल्या बाकापासून गृहपाठ तपासायला निघाल्या की मंगलचा हात वर जायचा. "सिस्टर, युक्लिडचं लग्न झालं होतं?" सिस्टरना प्रश्न फार आवडायचे. त्यांचं उत्तर संपेपर्यंत घंटा व्हायची आणि आमच्या कोऱ्या वह्या सुखरूप दप्तरात परत जायच्या.

ही विद्या इतक्या वर्षांनी प्रागमध्ये कामाला येईल, असं मात्र वाटलं नव्हतं.

जायचं ठरलं ते एका पैजेमुळे. मंगल मूळची करकंबची, लग्नानंतर अकलूजची. गुडघा बदलून घे, म्हणून तिचा मुलगा नितीन दोन वर्षं तिच्या मागे लागला होता. शेवटी ती म्हणाली, "युरोपातला बुरूज चढून फोटो पाठवते. पाठवला तर ऑपरेशनचं नाव काढायचं न्हाय. न्हाय जमलं तर आल्या आल्या टेबलावर झोपते." नितीनने पैज तर घेतलीच, वर तिकिटंही काढून दिली. मी साक्षीदार.

जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. व्हिसासाठी दोन महिने आधी लागा. नवे बूट नेऊ नका. जुन्या प्रागमधले रस्ते दगडी आहेत आणि प्रत्येक दगड स्वतंत्र विचारांचा आहे. आमच्या दोघींसाठीच वेगळा गाईड घेतला होता. महाग पडतो, पण आपल्या चालीने चालता येतं.

गाईडचं नाव यान. साठीकडे झुकलेला, गोल पोटाचा. लख्ख ऊन होतं, तरी हातात लाल छत्री, आणि तीही टेकत टेकत.

सुरुवात चार्ल्स पुलावरून. शंभर पावलांतच मंगल कुरकुरायला लागली. गुडघा आधी आणि ती मागून. यान सांगत होता, की या पुलाच्या चुन्यात म्हणे अंडी घातली होती. मंगल कठड्याला टेकली आणि हात वर केला.

"कच्ची का उकडलेली?"

यानचा चेहरा फुलला. एका गावाने वाटेत फुटू नयेत म्हणून अंडी उकडून पाठवली होती, अशी खरंच एक गंमतगोष्ट तिथे सांगतात! ती त्याने पंधरा मिनिटं सांगितली. मंगल मला मराठीत म्हणाली, "आमच्या मोडनिंबच्या वन्संनी बी उकडूनच दिली असती की."

पुढे प्रश्नच प्रश्न. राजाच्या घोड्यांना चारा कुठून यायचा? पुतळे उन्हाळ्यात कोण धुतं? प्रसिद्ध घड्याळापाशी तासाचे टोले पडायची वाट बघत गर्दी उभी होती, आणि मंगल एका अनोळखी माणसाच्या ट्रॉली बॅगेवर बसून घड्याळजीच्या पगाराची चौकशी करत होती. बॅगेचा मालकच तिला "सॉरी" म्हणाला.

जेवायला ब्रॅम्बोराक, म्हणजे बटाट्याचं थालीपीठच समजा. त्यात अंडं असतं, शाकाहारींनी विचारून घ्यावं. आम्ही वर शेंगाचटणी भुरभुरली. यानने तीनदा घेतली आणि मग डबाच त्याला देऊन टाकला.

तीन तासांचा फेरफटका पाच तासांनी पावडर टॉवरपाशी संपला. यान गहिवरून म्हणाला, "वीस वर्षांत मला इतके प्रश्न कोणी विचारले नाहीत. ही माझ्याकडून भेट." हातात बुरुजाची दोन तिकिटं! पावणेदोनशेच्या वर पायऱ्या, लिफ्ट नाही.

मंगलने मान वर करून बुरूज पाहिला. मग स्वतःची जांभळी शाल माझ्या अंगावर टाकली. "शालू, तू जा. पाठमोरा फोटो काढून घे कुणाकडून तरी. नितीनला काय कळतंय?"

मी गेले. सातवीपासूनची सवय. धापा टाकत वर पोचले, एका मुलीकडून पाठमोरा फोटो काढून घेतला आणि खाली वाकून पाहिलं. बाकावर मंगल आणि यान शेजारी शेजारी. त्याने पॅंट गुडघ्याच्या वर गुंडाळली होती, हिने साडी जराशी वर धरली होती, आणि दोघं एकमेकांचे गुडघे निरखत होती.

मी खाली आले तेव्हा यान सांगत होता, "डावा नवा, उजवा जुना. उजव्यामुळे मी सकाळपासून तुमच्या पुढच्या प्रश्नाची वाट बघत होतो."

आम्ही तिघंही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. मग मंगलने हात वर न करता, हळूच विचारलं, "फार दुखतं का हो?"

दिवसभरातला हा एकच प्रश्न तिने उत्तरासाठी विचारला होता.

"पहिला महिना डॉक्टरला रोज शिव्या दिल्या," यान म्हणाला. "आता दुसरा कधी करता, म्हणून मीच त्यांच्या मागे आहे."

मंगलने साडी गुडघ्यावरून खाली सोडली. मग माझ्याकडे वळली. "शालू, त्यो फोटो पुसून टाक."

आता आम्ही घरी आहोत. सोमवारी तिचं ऑपरेशन आहे. खरेदीची पिशवी माझ्याकडेच राहिलीय, आणि तिच्या घरचे सगळे माझा हा ब्लॉग वाचतो म्हणतात, तेव्हा इथेच लिहिते. रंगवलेली अंडी मोडनिंबच्या वन्संना. लाकडी आहेत, उकडू नयेत. काचेचे मणी मंगलच्या सुनेला. बुरुजाचं चुंबक नितीनला. फ्रिजवर लावावं, जिंकल्याचा तोरा मिरवू नये. जांभळी शाल धुऊन आणतेय. आणि मंगलचं न वापरलेलं तिकीट दवाखान्यात तिच्या उशाखाली ठेवायचं, कोणी टाकून देऊ नये. त्यावर तारीख नाही. मी चष्मा लावून दोनदा पाहिलंय.