थीब्जचा रिकामा डबा

लीड्समध्ये शिक्षक होण्याचा कोर्स करत होतो तेव्हाची गोष्ट. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच, त्यामुळे इथल्या वर्गात बसायला मिळतं याचंच मला अप्रूप होतं. इतिहास कसा शिकवावा हे दाखवायला ट्यूटरबाईंनी तीन आठवडे एक खेळ घेतला. मॅसेडॉनचा राजा सैन्य घेऊन उत्तरेकडून खाली सरकतोय. अथेन्स आणि थीब्ज ही प्राचीन ग्रीसमधली जुनी वैरी शहरं त्याच्याविरुद्ध एक होतात का, हे आम्ही वाटाघाटींतून ठरवायचं. मार्क त्यावरच होते. थीब्ज मी. अथेन्स म्हणजे लंडनच्या ईलिंगमध्ये वाढलेली एक मराठी मुलगी. मॅसेडॉन म्हणजे बँकेतली नोकरी सोडून शिक्षक व्हायला आलेले एक वयस्कर गृहस्थ.

पहिल्या दिवशी गृहस्थांनी मला घरच्या केकचा डबा दिला. आमच्याकडे आलेला डबा रिकामा परत जात नाही. पुढच्या आठवड्यात मी त्यात चिवडा भरून दिला, तर त्यांनी केकचा दुसरा डबा पुढे केला. अथेन्सने ते पाहिलं आणि मला जिन्यात गाठलं.

"तू त्याच्याकडून गिफ्ट घेतोस?"

मी डब्याची रीत सांगितली.

"माहीत आहे. माझी आई पण डबा रिकामा देत नाही. पण तू आत्ता थीब्ज आहेस. त्याने काय विचारलं?"

आठवलं. अथेन्सशी कुठवर आलं, असं त्यांनी सहज विचारलं होतं. सेनापती कोणाचा यावर अडलंय, असं मी सांगून बसलो होतो. तिला ते खरं सांगितलं. तिने जिन्यातच वही काढली. मग सेनापतिपद थीब्जला देऊन तिने तह लिहिला. तो शेवटच्या तासापर्यंत गुप्त ठेवायचा. राजा गाफील राहिला तरच आमची धडगत होती. आणि माझ्याकडून मॅसेडॉनला काही जायचं नाही.

"चिवडा पण नाही," ती म्हणाली. मी सही केली.

शेवटच्या आठवड्यात तास सुरू व्हायच्या आधी मी डबा घासूनपुसून त्यांच्या हातात दिला. असा डबा मी जन्मात कुणाला दिला नव्हता. मान वर करवत नव्हती. त्यांनी तो हातात तोलला. झाकण उघडलंसुद्धा नाही.

"म्हणजे तह झाला तर," ते म्हणाले, आणि खेळाच्या नकाशावरच्या आपल्या सैन्याच्या सोंगट्या थीब्जच्या सीमेवर मांडू लागले. अथेन्स अजून दाराशी कोट काढत होती.