वाचनालयाची जाळी

तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम सुरू झालं आणि आमच्या गावाला आपलं सगळंच जुनं वाटायला लागलं. चिंचणीच्या रस्त्यावरचं वाचनालय तर फारच. कौलारू छप्पर, लाकडी महिरपी, पुढे खांद्याएवढ्या उंचीचा दगडी कट्टा. केंद्राच्या वसाहतीतला एक तरुण इंजिनियर पुस्तकं न्यायला येई. त्याने हौसेने नकाशा काढून दिला: दर्शनी भाग अगदी सपाट, नव्या पद्धतीचा, सिमेंटच्या जाळीचा. मंडळी खूष झाली. मीही झाले. मी चिटणीस होते आणि महिरपींवरची कबुतरांची घाण मलाच काढावी लागे.

दुसऱ्या दिवशी मासळीवाल्या मावशी आल्या. नेहमीसारखी डोक्यावरची पाटी कट्ट्यावर सरकवली आणि म्हणाल्या, "बाय, वाचनालयाला जाळी लावताय म्हनं. कंच्या मासळीची?"

"सिमेंटची जाळी आहे, मावशी."

"मंग तिच्यात काय गावनार?"

"वारा."

"वारा काय, आमाला बंदरावर फुकट गावतो. आनि ह्यो कट्टा?"

"तो पाडणार."

मावशींचं हसू थांबलं. बाकीच्या कोळणी जोडीने येत, या एकट्या. पाटी जमिनीवर टेकवली तर परत डोक्यावर चढवायला दुसरं माणूस हवं. कट्ट्यावरून ती आपली आपण घेता येई. बंदरापासून बाजारापर्यंत त्यांच्या विसाव्याची ही एकच जागा.

"मंग पाटी चढवंल कोन? तुजा सायब?"

प्रश्न रास्त होता. साहेब पुस्तकं न्यायला आला तेव्हा मी तो मावशींसमोरच त्याला विचारला.

"ताई, सपाट भिंतीला मध्येच कट्टा म्हणजे ठिगळ दिसेल," तो म्हणाला.

मी वाद घातला नाही. मावशींना पाटी खाली ठेवायला सांगितली आणि त्याला म्हटलं, "मग द्या चढवून."

त्याने जोर करून पाटी उचलली. निम्म्यावर ती कलली आणि मासळीचं पाणी पांढऱ्या सदऱ्यावरून थेट पँटीपर्यंत गेलं.

"सायब, उद्या चढवाया कवा येशील?" मावशींनी विचारलं.

त्याने त्याच सदऱ्यात, मावशींना भिंतीला टेकून उभं करून, खांद्याशी पेन्सिलीने रेघ मारली. नव्या नकाशात जाळीच्या खाली भिंतीतून पुढे आलेली एक लांब आडवी फळी होती, काँक्रीटची, खाली एकही खांब नसलेली. उंची मावशींची.

काम झाल्यावर वसाहतीतले साहेब लोक बघायला आले. जाळीचं कौतुक बेताचंच झालं. फळीपुढे मात्र सगळे थबकले. "याला म्हणतात आधुनिक," त्यांच्यातले एक वडीलधारे म्हणाले. फळीवर पाटी ठेवून मावशी वारा घेत होत्या.

आठवड्याभरात जाळीच्या भोकांतून ओळीने बोंबील लटकलेले दिसले. मी मावशींना जाब विचारला.

"जाळी हाय ना? मंग मासा नको?"

मी बोंबील उतरवायला लावले. त्यातले सहा माझ्या घरी गेले.