काचेचं दुसरं टोक

काचअण्णा काच उचलायला वाकले की आधी पलीकडच्या माणसाला नावानं हाक मारत. समोरून ‘हो अण्णा’ आल्याशिवाय त्यांचे हात हलत नसत. रस्त्यावर कितीही गोंगाट असो, गिऱ्हाईक कितीही घाई करो, हाक आणि ओ झाल्याखेरीज काच जमिनीवरून उठायची नाही. दुकानात नव्यानं आलेल्या माणसांना याचं हसू यायचं. थोड्या दिवसांत तीही मुकाट्यानं ओ द्यायला लागायची.

हुबळीत गोकुळ रोडवर आमचं काचेचं दुकान होतं. माझे यजमान कामं घेत, मोजमापं आणत, आणि मी गल्ल्यावर बसे. अण्णांचं खरं नाव परशुराम, पण काचअण्णा हेच सगळ्यांच्या तोंडी. ते अळणावरकडच्या एका खेड्यातले. आईवडील लवकर गेले, तेव्हा धाकट्या मनोहरला त्यांनीच मोठं केलं. पुढं स्वतःची बायको वारली, मूलबाळ नव्हतं, तर त्यांनी मनोहरचं लग्न लावून दिलं आणि त्याच्याच संसारात राहिले. मनोहरची बायको सुनंदा, मुलगी मंगल आणि अण्णा, असं ते घर जुन्या हुबळीत दोन खोल्यांत नांदत होतं.

काचेच्या एका टोकाला अण्णा आणि दुसऱ्या टोकाला मनोहर. तेव्हा काच नुसत्या हातांनी न्यायची. तळव्यात जाड फडकं धरायचं, खालची कड बोटांवर घ्यायची आणि चालायचं. मनोहर बोलका होता. काच हातात असतानाही त्याचं काहीतरी चालू असायचं, आणि अण्णा म्हणायचे, ‘‘तोंड मिट, पाय बघ.’’ धाक मात्र एकाच गोष्टीचा होता. काच तोल सोडतेय असं वाटलं की ‘सोड’ म्हणायचं, आणि ‘सोड’ ऐकलं की सोडून मागं व्हायचं. ‘‘काच दुसरी मिळते की,’’ अण्णा म्हणत. हे त्यांनी मनोहरला पोरवयापासून घोकवलं होतं.

जुन्या हुबळीतल्या एका कापडदुकानाच्या दर्शनी भागाची ती काच होती. पुढं पायऱ्या होत्या. घामानं फडकी भिजली होती म्हणे. पायरी चढताना काच कलली. अण्णांनी ‘सोड’ म्हणून हाक दिली आणि नेमाप्रमाणं सोडून मागं उडी घेतली. मनोहरनं सोडलं नाही. काच त्याच्या मांडीवर फुटली. अण्णांनी आपलं धोतर फाडून पाय आवळला, रिक्षात घातलं, पण दवाखान्याच्या दारात पोचेपर्यंत मनोहर गेला होता. माझे यजमान मागून धावत गेले होते. 

तेराव्याला आम्ही दोघं गेलो होतो. माणसं पांगल्यावर सुनंदा उंबऱ्याशी आली. अण्णा भिंतीला टेकून बसले होते. ती आवाज न चढवता म्हणाली, ‘‘तुम्ही सोडलंत, अण्णा. त्यांनी नाही सोडलं.’’

 त्यानंतर ती त्यांच्याशी बोलली नाही.

अण्णांनी त्याच गल्लीत पलीकडं एक खोली घेतली. पगारातला मोठा वाटा सुनंदाच्या घरी जायचा आणि सुनंदाकडून रोज डबा यायचा. डबा मंगल आणायची. भाकरी मऊ, भाजी ताजी, सणाला पोळी. त्यात कधी कुचराई नाही. पण गल्लीत समोरासमोर आली तरी सुनंदा पदर सावरून निघून जायची. मी एकदा अण्णांना म्हटलं, की मी जाऊन तिच्याशी बोलू का? ते म्हणाले, ‘‘नको अक्का. तिला विचारायचा हक्क आहे. माझ्याजवळ उत्तर नाही.’’

पुढं एकदा यजमान बेंगळुरूहून सक्शनची जोडी घेऊन आले. अ‍ॅल्युमिनियमची मूठ आणि तिला खाली काळ्या रबराच्या बशीएवढ्या वाट्या. वाट्या काचेवर दाबायच्या, खटका पाडायचा, की आतली हवा निघून त्या काचेला घट्ट चिकटतात. मग काचेच्या कडेला हात लावायलाच नको, मूठ धरून उचलायचं. यजमानांनी भिंतीशी उभ्या केलेल्या आरशावर करून दाखवलं. सगळे कौतुकानं बघत होते. अण्णा मात्र मागच्या अंगणात निघून गेले. थोड्या वेळानं मी गेले तर ते एका फुटक्या काचेवर सक्शन लावून ओढून बघत होते. सगळा जोर लावून ओढत होते आणि ते सुटत नव्हतं. मला बघून म्हणाले, ‘‘अक्का, हे आधी यायला पाहिजे होतं.’’

त्या दिवसापासून सक्शन अण्णांच्या ताब्यात. काच स्वच्छ पुसायची, रबरावरून ओला हात फिरवायचा, वाळूचा कण लागतोय का बघायचं. खटका पाडल्यावर काच वीतभर उचलून धरायची, पुन्हा खाली ठेवायची, आणि मगच न्यायची. रात्री रबराला काही टोचू नये म्हणून वाट्या कापडात बांधून ठेवायचे. पुढं केशवापुरात नवी घरं उठायला लागली आणि आम्ही मोठाल्या गुळगुळीत फरशा कापून बसवायचीही कामं घ्यायला लागलो, तेव्हा तेच सक्शन फरशीलाही लागलं. बसवलेली फरशी एका बाजूला दबली तर अण्णा गुडघ्यांवर बसून वाटी लावत आणि ओल्या सिमेंटातून ती अलगद वर घेत. खरबरीत फरशीला ते चिकटत नसे. अशी फरशी आली की ते नाराज होत आणि गिऱ्हाइकाला सरळ सांगत, ‘‘दुसरी बघा की.’’

मनोहरच्या जागी बसू नावाचा गडी आला होता. हा धारवाडकडचा, घरी कन्नड बोलणारा, थोराड अंगाचा, चांगला दोन लेकरांचा बाप. एकदा दुकानासमोर टेम्पोत काच चढवायची होती. अण्णा वाकले आणि त्यांनी हाक मारली, ‘‘मनोहर.’’

आम्ही सगळे थबकलो. अण्णांच्या ध्यानातही आलं नव्हतं. ते वाट बघत तसेच वाकून उभे होते. बसूनं एकदा माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, ‘‘हो अण्णा.’’ काच उचलली गेली. पुढंही कधीमधी असं व्हायचं, आणि दर वेळी बसू ओ द्यायचा.

वर्षं गेली. सुनंदानं घरी जोंधळ्याच्या कडक भाकऱ्या करून खानावळींना द्यायला सुरुवात केली होती. जम बसला. मंगलचं लग्न झालं. मग सुनंदानं केशवापुरात रस्त्याला लागून एक लहानसा गाळा घेतला. भाकऱ्यांवर धूळ बसू नये म्हणून पुढं काच हवी होती. ती माझ्याकडं आली, माप दिलं. मी जरा चाचरत विचारलं, बसवायला कुणाला पाठवू? ती म्हणाली, ‘‘अण्णांना पाठवा.’’

मला राहवेना. काच निघाली तेव्हा मीही टेम्पोत पुढं बसले. आषाढ होता आणि आमच्याकडचा आषाढातला वारा भारी आडदांड. गाळ्याला पायऱ्या होत्या. सुनंदा वरच्या पायरीवर उभी होती. अण्णांनी तिच्याकडं न बघता बसूला सांगितलं, की तिला आत व्हायला सांग. ती आत झाली, पण दाराशीच थांबली.

काच निम्म्या पायऱ्या चढली आणि वाऱ्याचा झोत आला. तिचं शीड झालं. खालचा कोपरा पायरीवर आदळला, बसूच्या बाजूची वाटी सुटली आणि काच कलायला लागली. ‘‘बिडो!’’ अण्णा ओरडले. सोड, म्हणून. बसू सोडून मागं उडाला, अण्णाही मागं झाले. काच पायऱ्यांवर पडली आणि तिचा भुगा झाला. हात मुठीवर होते, कडेखाली नव्हते, म्हणून कुणाला ओरखडाही आला नाही. सगळं पापणी लवायच्या आत झालं होतं.

सुनंदा दारातच खाली बसली.  मग अण्णांकडं बघून म्हणाली, ‘‘असंच झालं होतं?’’

अण्णा म्हणाले, ‘‘होय.’’

‘‘एवढ्याच वेळात?’’

‘‘होय.’’

‘‘त्यांना ऐकू आलं होतं, तुम्ही म्हटलेलं?’’

 ‘‘आलं होतं. माझ्याकडं बघितलं त्यानं. त्याला वाटलं, धरता येईल.’’

तेव्हा ती रडली. मनोहर गेला तेव्हाही मी तिला इतकं रडताना पाहिलं नव्हतं.  मग तिनंच आतून केरसुणी आणली, आणि अण्णा म्हणाले, ‘‘तू हात लावू नको. लागेल तुला.’’ दुसरी काच वारा पडल्यावर बसली.

यानंतर सगळं सुखाचं झालं असं लिहायला मला आवडलं असतं. पण अण्णांना तोवर खोकला लागला होता. वर्षानुवर्षं फरशा कापताना नाकातोंडात गेलेली धूळ छातीत बसली होती. डॉक्टरांनी काम बंद करायला सांगितलं. सक्शन त्यांनी बसूच्या हाती दिलं, आणि रबर कसं पुसायचं ते त्याला पुन्हा एकदा दाखवलं, जसं काही तो पहिल्यांदाच बघत होता. सुनंदानं त्यांचं सामान गल्ली ओलांडून आपल्या घरी आणलं.

मी भेटायला जाई तेव्हा ते उशीला टेकून बसलेले असत आणि ती शेजारी पीठ चाळत असे. ‘‘दिवसभर विचारत बसते बघा, अक्का,’’ अण्णा दम खात सांगत. ती मनोहरचं लहानपण विचारायची. तिला नवरा मिळाला तो मोठा झालेला, नोकरीला लागलेला. तो रांगायला कधी लागला, आई गेली तेव्हा काय म्हणाला, शाळेतून का पळून आला, हे सांगणारं अण्णांखेरीज जगात कुणी उरलं नव्हतं. अण्णांना थोडं बोललं की धाप लागायची. ती थांबायची, पाणी द्यायची, आणि धाप उतरली की पुन्हा विचारायची.

ते गेल्याचं कळलं तेव्हा मी सकाळीच गेले. सुनंदा भिंतीशी बसली होती. मी जवळ बसल्यावर म्हणाली, ‘‘काल गावच्या जत्रेचं सांगत होते. हे लहान असताना जत्रेत हरवले होते. अण्णा दिवसभर हुडकत फिरले. देवळामागं गेले, तळ्याकडं गेले. तिथवर सांगितलं आणि खोकला आला. म्हणाले, राहिलेलं उद्या.’’

तिनं माझा हात धरला. ‘‘अक्का, हे कुठं सापडले असतील?’’