एक्केचाळिसाव्या दृश्यातला ग्रंडी

टोलेडोच्या वेंडेल कोस्त्काने तीस वर्षं कवळ्या बनवल्या. गिऱ्हाइकाने एकदा हसून दाखवलं की हा गृहस्थ त्याच्या दातांचा रंग अर्ध्या तासात जुळवायचा. निवृत्तीनंतर मात्र एका यंत्रमानवाच्या पोटाचा निळा रंग जुळवायला त्याला दोन वर्षं लागली. माणसाच्या तोंडापेक्षा यंत्राच्या पोटाची प्रतिष्ठा किती मोठी, हे सुज्ञांनी यावरून ओळखावं.

यंत्रमानवाचं नाव ग्रंडी. पन्नास वर्षांपूर्वीच्या एका अंतराळपटात तो मोजून अकरा मिनिटं दिसतो. त्यातली चार मिनिटं बंदच पडलेला असतो. तेवढ्यात वेंडेल त्याच्या प्रेमात पडला. प्रेमात पडायला याहून कमी वेळ पुरतो, असं त्याची बायको मर्ना म्हणे. पस्तावायलाही पुरतो, हेही तीच म्हणे.

गॅरेजमध्ये अकरा वर्षं ग्रंडीचा जन्म चालू होता. सांडपाण्याच्या पाइपाचे हात, सॅलडच्या वाडग्याचं डोकं, प्लायवुडच्या फासळ्या. रंगवलेले अवयव तारेच्या हँगरला खाटकाच्या दुकानासारखे लटकलेले. आधी अस्तर, मग घासणं, मग रंग, पुन्हा घासणं. आणि सगळं आरशासारखं चकाकलं की त्यावर पातळ काळा रंग फासून ते मळवणं, कारण सिनेमातला ग्रंडी मळका होता. एका दमट नोव्हेंबरात हात वाळेना, म्हणून वेंडेलने तो ओव्हनमध्ये ठेवला. त्या वर्षीच्या थँक्सगिव्हिंगच्या टर्कीला निळ्या रंगाची चव होती. पाहुण्यांनी पाककृती विचारली नाही.

गाडी अर्थातच बाहेर, बर्फात. रोज सकाळी मर्ना तिच्या काचेवरचा बर्फ खरवडायची. शेवटी तिने तहाचा मसुदा मांडला: घरोघरी ग्रंडी घडवणाऱ्या भक्तांच्या मंडळाने यंदाच्या मेळाव्यात अस्सलपणाचा बिल्ला दिला, तर तो दिवाणखान्यात बसेल, नाही दिला, तर सुटा होऊन माळ्यावर जाईल, कायमचा. गाडी दोन्ही वेळा आत येईल.

मंडळाचा पहिला नियम होता, पडद्यावर दिसतं तेच खरं. सिनेमावाल्या कुणा कामगाराने मूळ ग्रंडीच्या पाठीची एक पट्टी चुकून उलटी ठोकली होती. तेव्हापासून जगभरचे सभासद ती भक्तिभावाने उलटी ठोकत आले होते.

मेळाव्यात मंडळाचा तपासनीस डेल हॅगर्टी पांढरे हातमोजे घालून आला. निळा रंग पाहून त्याने मान डोलावली. मळ पाहून तर त्याला गहिवरच आला. मग खांद्यावरच्या पोच्यापाशी त्याचं भिंग थांबलं. तो पोचा वेंडेलने चमच्याने ठोकून तीन आठवड्यांत आणला होता.

"वेंडेल, पोचा उजव्या खांद्यावर असतो," डेल हळूच म्हणाला.

वेंडेलने सगळी मापं सर्वांत स्पष्ट चित्रावरून घेतली होती, एक्केचाळिसाव्या दृश्यावरून. संकलन करणाऱ्याने नेमकं तेच दृश्य आरशासारखं उलटं छापलं होतं. जन्मभर उलट्या साच्यांतून सुलटे दात काढणाऱ्या माणसाने नखशिखांत उलटा ग्रंडी बनवला होता. भोवतीच्या सभासदांनी टोप्या काढल्या. वेंडेलने खिशातून पेचकस काढला आणि डोक्याचा पहिला स्क्रू सैल करायला घेतला.

तोवर घडीच्या खुर्चीत बसून डोनट खाणारी मर्ना उठली.

"डेल, एक्केचाळिसाव्या दृश्यात पोचा कुठे दिसतो?"

"डावीकडे. पण ते दृश्यच..."

"मी हा सिनेमा तीनशे वेळा पाहिलाय. स्वखुशीने एकदाही नाही. तिथे मागच्या दारावरची अक्षरंसुद्धा उलटी आहेत. पडद्यावर दिसतं तेच खरं, हे तुम्हीच सांगत फिरता ना? मग हा खोटा कसा?"

समितीची बैठक तीन तास चालली. युद्धाचे तह याहून लवकर होतात. बिल्ला मिळाला. त्याखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं: 'फक्त दृश्य क्र. ४१ पुरता मान्य.'

परतताना वेंडेलने विचारलं, तू गप्प बसली असतीस तर दिवाणखाना तुझा राहिला असता, मग बोललीस कशाला?

"ग्रंडी माळ्यावर गेला असता, तर तूही तिथेच जाऊन बसला असतास," मर्ना म्हणाली. "जेवायला हाका मारायला जिना कोण चढणार?"

गाडी आत आली आणि दोन आठवडे सुखात राहिली. मग गॅरेजमध्ये सांडपाण्याचा एक नवा पाइप येऊन पडला. उलट्याची सोय झाली, आता एक सुलटा नको का?

पहिल्या बर्फाच्या सकाळी मात्र काच खरवडायला वेंडेल स्वतः गेला, लांबी भरायची पत्ती घेऊन. कोपरा न् कोपरा त्याने कवळी घासावी तसा घासला. मर्ना कॉफीचा मग घेऊन दारात आली.

"डावी बाजू राहिली."

वेंडेल थबकला. त्याने काचेकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग पुन्हा काचेकडे.

"कुठून बघून?" त्याने विचारलं.