काकांची सही दिसत नाही
आमच्या स्टोअरवाल्या काकांइतका संगणकाने छळलेला, आणि संगणकाला तितकंच छळणारा माणूस अख्ख्या खालापूर तालुक्यात सापडायचा नाही. मी तिथल्या एका कारखान्यात संगणक सांभाळतो, म्हणजे दिवसभर लोकांची बोलणी खातो. काका कडावचे, भातशेती सांभाळून नोकरी करणारे. सकाळी स्कूटर लावून आत आले की मशीन सुरू करण्यापूर्वी त्याच्या डोक्यावर दोन चापट्या मारत. माऊस अडला की त्याला उताणा करून पोटावर फुंकर घालत. पासवर्ड खडूने कपाटाच्या दारावर आतून लिहिलेला, आणि कपाटाची किल्ली रोज घरी विसरलेली. मेल पाठवली की लगेच समोरच्याला फोन : "पोचली का? मंग वाचा बघू मोठ्यानं."

पण त्यांचं खरं वेड म्हणजे सही. मेलखाली प्रत्येकाचं नाव, हुद्दा आणि फोन आपोआप येतो, त्याला आम्ही सिग्नेचर म्हणतो. काकांना ते मुळीच मान्य नव्हतं. "टाइप केलेलं नाव म्हंजे दुकानाची पाटी. सही म्हंजे हातची!" असं म्हणून त्यांनी कागदावरची आपली जुनी निळी सही स्कॅन करून आणली आणि प्रत्येक मेलखाली बसवून घेतली. सही होती मात्र रुबाबदार. शेवटच्या अक्षरातून निघालेली रेघ मागे वळून सगळ्या नावाखालून फिरायची.

तिथून माझी साडेसाती सुरू झाली. काकांच्या मशीनवर मेलमधली चित्रं अडायची, त्यामुळे त्यांना सहीच्या जागी नुसती लाल फुली दिसे. की आलीच मला मेल : "माझी सही दिसत नाही. कृपया बघावे." आणि माझ्या पडद्यावर त्याच मेलखाली सही झकास उमटलेली! मी सांगायचो, "काका, दिसतेय हो." ते म्हणायचे, "आरं, तुला दिसती. मला नाय दिसत. मला बघायची हाय रं!" मी दुरुस्त करायचो, आठवड्याने पुन्हा फुली. एकदा वैतागून बोलून गेलो, "स्वतःचीच सही रोज बघून काय आरती ओवाळायचीय का?" काकांनी हात टेबलाखाली घेतले.

मग हेड ऑफिसचा हुकूम आला : सगळ्यांची सिग्नेचर एकसारखी, चित्र चालणार नाही. मला तर हायसंच वाटलं. काकांच्या मशीनवरून ते चित्र मी मुळासकट पुसलं. काका बाजूला उभे होते. "मूळ कागद बी नाय रं माज्याकडं, घरात पाणी शिरलं तवा गेला," ते म्हणाले. मी मान वर न करता म्हटलं, "मग नवी करा की. पेन आहे, कागद आहे." मेलं माझं तोंड!

निवृत्तीच्या दिवशी कळलं. कागदांवर सह्या करायच्या होत्या. पेन टेकलं की काकांचा हात लटपटायचा, अक्षरावर अक्षर चढायचं. कंपवात दोन वर्षांपासूनचा, आणि कुणाला पत्ता नव्हता. तीन कागद वाया गेल्यावर ऑफिसातल्या बाई हळूच म्हणाल्या, "काका, अंगठा चालेल." काका हसले. "माजा बाप जल्मभर अंगठा देत आला. मी सही शिकलो तवा त्यानं ती माज्याकडनं घराच्या दारावर चुन्यानं काढून घेतली हुती." एवढं बोलून त्यांनी स्टॅम्पपॅडवर अंगठा टेकवला.

दुसऱ्या दिवशी सगळ्या जुन्या मेल उपसल्या. सही सापडली ती काकांनी मलाच धाडलेल्या तक्रारींच्या ढिगात. "माझी सही दिसत नाही. कृपया बघावे." आणि खाली ती, ठणठणीत. मी ती मोठी करून छापली आणि रविवारी कडावला गेलो.

काका ओटीवर बसले होते. अंगठ्याची निळी शाई अजून पुरती गेली नव्हती. कागद हातात दिला तर तो फडफडायला लागला, म्हणून काकूंनी तो दोन्ही हातांनी त्यांच्यासमोर धरला. "काका, चुकलं माझं," मी म्हटलं. त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. बराच वेळ त्यांची नजर त्या रेघेवरून फिरत होती.

"दिसली रं," ते म्हणाले. "आता दिसली."