तुळशीखालचं चेंबर

हणमंत मिस्त्रीला कॉलनीतल्या घरांचे नंबर पाठ नव्हते. तो घरं खालून ओळखायचा. 'खडकावरचं', 'वाकड्या जोडाचं', 'दोन संडास चोरून जोडलेलं'. सांगोल्याकडचा हा माणूस ब्याऐंशीला, एशियाडच्या साली, एका ठेकेदाराबरोबर दिल्लीला आला, पाइप टाकत टाकत गुडगावात पोचला आणि सुखराली गावात एक खोली धरून तिथंच राहिला. सत्तावीस वर्षं झाली तरी त्याच्या हिंदीची सांगोल्याची माती निघाली नव्हती.

एक्याण्णव साली ही कॉलनी मोहरीच्या शेतात उठली, तेव्हा रस्त्याखालचे चिनी मातीचे पाइप हणमंतानंच घातले. ढाळ, म्हणजे पाइपांचा उतार, कमी पडतोय, हे त्यानं तेव्हाच बिल्डरला सांगितलं होतं. बिल्डर म्हणाला, गिऱ्हाईक संगमरवर बघतं, ढाळ बघत नाही. खरंच होतं ते. गिऱ्हाइकांनी संगमरवर बघितला, पेढे वाटले आणि राहायला आली.

अठरा वर्षांत पाइप म्हातारे झाले आणि वरची वस्ती मात्र वयात आली. एका मजल्याचे तीन झाले, एका संडासाचे सात. दारापुढची सरकारी पट्टी ज्यानं त्यानं गिळली. कुणी गाडीसाठी उतार बांधला, कुणी हिरवळ लावली. गटाराची चेंबरं त्या सगळ्याखाली गाडली गेली, कारण दारात चेंबरचं झाकण दिसलं की घराची किंमत पडते म्हणे. मग दोन हजार नऊच्या दिवाळीत चार नंबरच्या चेंबरापुढचा पाइप दबला, अठरा घरांचं उलटं आलं आणि उच्चशिक्षित मंडळींना पहिल्यांदाच शोध लागला की आपण सोडतो ते कुठंतरी जातं. असोसिएशनची बैठक झाली. नव्या पाइपलाइनला 'वर्ल्ड क्लास' म्हणायचं की 'स्टेट ऑफ द आर्ट', यावर पहिला तास गेला.

पाइप बदलायचा म्हणजे आधी वरचं पाणी अडवायला हवं. त्यासाठी एका माणसानं चार नंबरच्या चेंबरात उतरून पाइपाच्या तोंडात वाळूची पोती कोंबायची, म्हणजे अडलेलं पाणी पंपानं पुढच्या चेंबरात टाकता येतं. उतरणारा होता नीरज, उत्तर प्रदेशातल्या बदायूंचा, दोन मुलींचा बाप. हणमंताचा नियम होता: जिथं उतरायचं ते आणि त्याच्या दोन्ही बाजूंचं अशी तीन झाकणं एक दिवस एक रात्र उघडी ठेवायची, आतला विषारी वायू जाऊ द्यायचा. मग आरशानं ऊन आत पाडून बघायचं. भिंतीवर झुरळं जिवंत फिरताना दिसली, तर माणूस उतरवायचा. हा नियम त्यानं पुस्तकात वाचला नव्हता. पूर्वी एकदा दुसऱ्या सेक्टरात घाईनं उतरवलेली दोन माणसं त्यानं दोरीनं वर ओढली होती. दोघांपैकी एकालाही नंतर पाणी पाजावं लागलं नाही.

पाच नंबर उघडला, चार उघडला. तीन नंबर होता सूर्यकांत साहेबांच्या दारात, तुळशीवृंदावनाखाली.

सूर्यकांत साहेब मूळचे पुण्याचे, मानेसरच्या एका कारखान्यात व्हाइस प्रेसिडेंट आणि असोसिएशनचे अध्यक्ष. हणमंत फाटकाशी उभा राहिला.

"सायेब, तीन नंबर उघडायचाय. तुळस हलवावी लागंल."

"तिथं काही नाहीये हणमंत. तिथं नुसता चौथरा होता."

"चौथरा मीच बांधलाय की. चेंबरचं तोंड हाय ते."

साहेबांनी मागं वळून घराकडं बघितलं. "हळू बोल जरा." म्हणजे माहीत होतं. अकरा वर्षांपूर्वी गोल, मजबूत, आयता चौथरा दिसला आणि साहेबांनी त्यावर वृंदावन बसवलं. फुकटचं सोडायला ते काय वेडे होते?

"हे बघ यार, चार दिवसांवर तुळशीचं लग्न आलंय. दीडशे माणसं येणार, मंडळाची, ऑफिसातली. लग्न होऊ दे, मग बघू. तोवर तुझा तो माणूस उतरव ना. बाकीची दोन उघडी आहेत, बिल्कुल पुरे. त्या लोकांना सवय असते."

"कशाची सवय? मरायची? ती एकदाच लागती सायेब."

साहेबांनी मोबाइल काढून थेट पाइपलाइनच्या ठेकेदाराला लावला. दोन मिनिटांत हणमंताचा फोन वाजला. ठेकेदार म्हणाला, साहेब म्हणतात तसं कर, नाहीतर संध्याकाळी दुसरा मिस्त्री पाठवतो, तो उतरवेल. हणमंतानं फोन खिशात टाकला. आपण निघून गेलो तरी नीरज उतरणारच, फक्त दोरी दुसऱ्याच्या हातात असेल, एवढं त्याला कळलं. तिकडं नीरज शर्टाची बटणं काढायलाच लागला होता.

"चाचा, उतर जाता हूँ. दो मिनट का काम है."

"गप बस! दो मिनट में ही दो गये थे. घाल तो शर्ट."

आवाज ऐकून इंदुमतीबाई बाहेर आल्या. साहेबांच्या सौभाग्यवती, महाराष्ट्र मंडळाच्या सांस्कृतिक प्रमुख. सगळ्या दिल्लीत तुळशी जानेवारीच्या थंडीत जळून काड्या होतात. यांची जळत नसे. तिकडच्या द्वारका उपनगरापासून बायका गाड्या करून रोपं न्यायला यायच्या आणि श्रद्धा असावी तर अशी, असं म्हणून बाईंच्या पाया पडायच्या.

"काय चाललंय अहो? मिस्त्री, माझ्या तुळशीला हात लावायचा नाही हं!"

हणमंतानं साहेबांकडं बघितलं. साहेब त्याला डोळ्यांनी दाबत होते. मिस्त्रीनं टोपी काढली, डोकं खाजवलं.

"वैनी, थंडीत जळत न्हाय व्हय वं तुमची तुळस?"

"अजिबात नाही! अकरा वर्षं!" बाई फुलल्या. "पहाटे वाफ निघते वृंदावनातून, बघितलीत कधी? बायका म्हणतात, तुळस जप करते."

"करती की. सकाळी अठरा घरं गरम पान्यानं अंगुळ्या करत्यात, हगत्यात, धुत्यात. त्याचा जप हाय त्यो. गटाराच्या चेंबरावर बसलीया वैनी तुमची तुळस."

बाई हसल्या. मग हसू तसंच ठेवून नवऱ्याकडं वळल्या.

"अहो?"

साहेब गल्लीच्या टोकाकडं बघू लागले. तिथं बघण्यासारखं काहीही नव्हतं. "आयता चौथरा होता, इंदू. सॉलिड होता."

"आयता?" बाईंचा आवाज चिरला. "तुमच्या आई गेल्या तेव्हा त्यांच्या तोंडात मी ह्याच तुळशीचं पान ठेवलं होतं. तुम्ही शेजारी उभे होतात. गंगाजलाची वाटी धरून!"

हजार कामगारांपुढं इंग्रजीत तासभर बोलणारा माणूस फाटकाची कडी लावू-काढू लागला.

"उघडा," बाई म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता उघडा. आणि मंडळात कुणाला बोललात तर बघा, मिस्त्री."

नीरजच्या जिवासाठी जे झाकण उघडलं नसतं, ते सोवळ्यासाठी उघडलं. माणसांनी पहारी लावल्या आणि वृंदावन अख्खं उचलून बाजूला ठेवलं. झाकण उपसलं तेव्हा कडेच्या फटीतून आत उतरलेल्या पांढऱ्या मुळांची वीतभर दाढी खाली लोंबत होती. आतून दपकन वाफ आली. बाईंनी पदर नाकाला लावला आणि त्या आत निघून गेल्या.

झाकणं एक दिवस एक रात्र उघडी राहिली. दुसऱ्या दिवशी दहाच्या उन्हात हणमंतानं दाढीचा आरसा धरून कवडसा आत पाडला. भिंतीवर पाच-पन्नास झुरळं लखलखत पळाली.

"जित्ती हायेत," तो म्हणाला. "उतर."

तासभर कुणी पाणी सोडू नये, असं पहारेकऱ्यानं दारोदार जाऊन सांगितलं होतं. साहेब लोकांनी माना डोलावल्या होत्या. नीरज कमरेला दोरी बांधून खाली गेला. पहिलं पोतं बसलं, दुसरं बसलं, आणि तिसऱ्याच्या वेळी पाइपातून भसाभसा साबणाचा फेस आला. कुणाच्या तरी घरात कपड्यांचं मशीन लागलं होतं. खालून ठसका ऐकू आला, मग काहीच नाही.

"नीरज! ए नीरज! बोल की रं!"

दोरीला हिसका नाही. हणमंतानं पाय रोवले, आणखी दोघांनी दोरी धरली आणि तिघं मागं रेटत गेले. नीरजचं डोकं कठड्यावर आलं तेव्हा डोळे मिटलेले होते. हणमंतानं त्याला पालथा घालून पाठीत गुद्दे हाणले. चौथ्या गुद्द्याला तो ओकला, खोकला, आणि दोन्ही हातांनी जमीन धरून बसला.

"तीसरा भी लगा दिया, चाचा," तो म्हणाला.

हणमंताला त्याला शिव्या द्यायच्या होत्या. त्याऐवजी त्यानं बादलीभर पाणी त्याच्या डोक्यावर ओतलं, मग दुसरी. नीरजनं चूळ भरली, बिडी मागितली. त्याचे दोन झुरके ओढून झाले तरी हणमंताच्या मुठीतली दोरी सुटली नव्हती.

तेवढ्यात पहारेकरी लगबगीनं आला. अध्यक्षांच्या घरून निरोप होता.

"मिस्त्रीजी, साहब पूछ रहे हैं, अब पानी चला लें क्या?"

हणमंतानं वर बघितलं. अठरा घरांच्या खिडक्यांचे पडदे जरा जरा हलत होते.

"सांग सायबाला," तो म्हणाला, "मानूस वर आलाय. आता खुशाल हागा म्हनावं."