सहा इस्पिक

ब्रिज खेळताना मी माझ्या धाकट्या भावाला पहिल्यांदा मारलं, तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता आणि मी एकतीस. बदामाची राणी टाकायच्या जागी त्यानं सत्ती टाकली होती. मी टेबलाखालून त्याच्या नडगीवर वहाणेची टाच हाणली. तो कळवळला, पण तोंडातून आवाज काढला नाही. पुढचं पान टाकलं आणि खेळत राहिला. त्या दिवशी आम्ही जिंकलो, आणि मला वाटलं की टाचेचा उपयोग झाला.

देऊळगाव राजाला मी शाळेत मास्तर होतो. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला, आणि आमच्या गावापासून थोडं पुढं गेलं की निजामाची हद्द लागायची. भाऊ गावातल्या डॉक्टरकडे कंपाउंडर होता. हा खेळ गावात आणला तो त्या डॉक्टरनं, नागपूरला शिकत असताना उचललेला. चौथा गडी म्हणजे कापडाचे व्यापारी हाजीसाहेब. ते साठीला आलेले, मेहंदी लावलेली दाढी, तोंडात सदा पान. पूर्वी एका लष्करी छावणीला ते कापड पुरवायचे. तिथल्या साहेबांच्या मागं उभं राहून ते ब्रिज शिकले होते, आणि आम्हा तिघांपेक्षा चांगला खेळायचे. रविवारी जेवणं आटोपली की दवाखान्याच्या मागच्या ओसरीत आमचा डाव बसे. समोरासमोरचे दोघे भिडू. डॉक्टर आणि हाजीसाहेब एका बाजूचे, आम्ही भाऊ भाऊ दुसऱ्या.

ज्याला हा खेळ ठाऊक नाही त्याला एवढं पुरे: तेरा तेरा पानं वाटली की आधी बोली होते. आपल्या जोडीचे किती हात होतील आणि हुकूम कशाचा, हे बोलीत सांगायचं; बोलीचा आकडा अधिक सहा, तेवढे हात. भिडूची पानं दिसत नाहीत. त्याच्या बोलीवरून ओळखायची. बोली जिंकणाऱ्याचा भिडू आपली पानं टेबलावर उघडी मांडतो आणि गप्प बसतो. दोघांची पानं मग बोली जिंकणारा एकटाच खेळतो. बोललेले हात झाले नाहीत तर डाव बुडाला.

डॉक्टरकडे बोलीवरचं एक इंग्रजी पुस्तक होतं. मी त्यातले तक्ते वहीत उतरवून घेतले आणि भावाकडून पाठ करून घेऊ लागलो. आमचा बापही मास्तरच होता. पावकी-निमकी त्यानं आम्हाला चिंचेच्या ओल्या फोकेनं शिकवली, आणि आमच्या मायला स्वयंपाकही तसाच शिकवला. बाप जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. शिकवायची दुसरी रीत मला माहीत नव्हती, आणि ती असू शकते असं कधी वाटलंही नव्हतं.

"एक बदाम म्हटल्यावर दोन किलवर काऊन म्हणायचं?" मी विचारायचो.

तो अडखळला की रूळ त्याच्या बोटांच्या पेरांवर बसायचा. तीच बोटं दुसऱ्या दिवशी दवाखान्यात पुड्या बांधायची. एकदा डॉक्टरनं सुजलेली पेरं पाहिली आणि काय झालं विचारलं. दाराच्या फटीत सापडली, भाऊ म्हणाला.

मारानं त्याचा खेळ सुधारला नाही, बिघडला. ते मला समजलं नाही. घाबरलेला भिडू एकच बोली बोलतो: पास. हातात दोन एक्के असताना एका रविवारी तो पास म्हणाला, आणि सहज होणारा डाव आम्ही सोडून दिला. टेबलावर मी हसलो. घरी न्हाणीपाशी गाठून त्याच्या थोबाडीत दिली. दात लागून ओठ फाटला. मायनं हळद दाबली त्याच्या ओठावर. दाबताना ती माझ्याकडं पाहत होती.

हाजीसाहेब एकदाच बोलले होते. मी खेळता खेळता भावाचा कान पिळला तेव्हा.

"मास्तर, खेल आहे."

"हाजीसाहेब, माह्या घरचा माणूस आहे," मी म्हणालो.

त्यांनी पानदानातून अडकित्ता काढला आणि सुपारी कातरू लागले.

तो रविवार उन्हाळ्याचा होता. ओसरीवर गोणपाट ओले करून सोडले होते. पानं मी वाटली, आणि स्वतःची उचलून पाहिली तेव्हा मला घाम फुटला. इस्पिकची वरची पाचही पानं माझ्याकडं. एक्का, राजा, राणी, गुलाम, दश्शी. बाकीच्या तिन्ही रंगांचे एक्के, शिवाय चौकटचा राजा. असा हात जन्मात आला नव्हता. मी दोन इस्पिक बोललो. याचा अर्थ, भिडू, माझ्याकडं फार आहे, गप्प बसू नकोस.

भाऊ पानांकडं बराच वेळ पाहत राहिला.

"तीन इस्पिक," तो म्हणाला. कित्येक महिन्यांत त्यानं पहिल्यांदा धीर केला होता.

मी सरळ सहा इस्पिक बोललो. म्हणजे तेरापैकी बारा हात करायचे. हाजीसाहेबांनी चौकटची राणी टाकली. भावानं आपली पानं मांडली. चार बारके इस्पिक, बदामाची नुसती तिर्री, चौकटची चार फालतू पानं आणि किलवरच्या चार पानांत एकटा राजा.

माझं डोकं तिथंच तापलं. एका राजावर हा तीन बोलला! मी एक्क्यानं हात घेतला आणि रागारागानं हुकूम ओढायला सुरुवात केली. एक्का, राजा, राणी. तीन फेऱ्यांत विरुद्ध जोडीचे चारही हुकूम संपले. भावाकडं एक उरला. मग बदाम खेळलो. एक्क्याचा हात झाला, दुसरा बदाम त्या उरलेल्या हुकमानं मारला, तिसऱ्याला मारायला त्याच्याकडं हुकूमच नव्हता. तो हात गेला. शेवटी किलवरचा एक गेला. अकरा झाले. डाव एका हातानं बुडाला.

"एका राजावर बोललास बे तू?"

"दादा, चार हुकूम होते. बदामाचं एकच पान होतं. मले वाटलं…"

"तुले वाटलं?"

अडकित्ता हाजीसाहेबांच्या पानदानाच्या झाकणावर पडला होता. पितळेचा, वजनदार. उचलला कधी ते मला आठवत नाही. फेकल्याचं आठवतं, कारण फेकताना बरं वाटलं होतं. उगाच का खोटं बोलू.

तो त्याच्या डाव्या डोळ्यावर लागला. ओल्या कपड्यावर धोपटणं बसावं तसा आवाज झाला. भाऊ खुर्चीसकट मागं गेला आणि भिंतीशी बसून राहिला. दोन्ही हात तोंडावर होते, आणि बोटांमधून रक्त मनगटावर, तिथून कोपरावर उतरत होतं. तो ओरडला नाही. तेवढ्या वर्षांत मी त्याला न ओरडायला शिकवलं होतं. ओरडले ते डॉक्टर.

"सरका! सरका बाजूला!" त्यांनी मला खांद्यानं ढकललं. भावाचे हात बाजूला करून पाहिलं, आणि लगेच कापसाची घडी दाबली. "माझ्यानं होणार नाही हे. जालन्याला न्यावं लागेल, आत्ताच्या आत्ता."

हाजीसाहेबांनी आपली मालाची लॉरी काढवली. मी भावाचं डोकं मांडीवर घेऊन मागं बसलो. रस्ता खडीचा होता. दर धक्क्याला माझ्या धोतरावर ओल वाढत होती. निजामाच्या हद्दीत करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर लॉरी थांबवली. शिपायानं ताडपत्री वर केली आणि आत डोकावला.

"ये क्या हुआ? किसने मारा?"

मी भावाच्या डोक्याखालचं धोतर सारखं केलं.

"गिर गया," भाऊ म्हणाला. "सुपारी कातरत होतो. अडकित्त्यावर पडलो."

शिपायानं माझ्या सदऱ्यावरचे डाग पाहिले, माझं तोंड पाहिलं. ताडपत्री सोडली आणि म्हणाला, "जाओ."

जालन्याच्या दवाखान्यात तिसऱ्या दिवशी डोळा काढला. फुटलेला डोळा ठेवला तर त्याच्या संगतीनं दुसराही जाईल, असं मोठ्या डॉक्टरनं समजावलं. भावानं मान हलवली. माझ्याकडं पाहिलं नाही.

मायला मी घरी येऊन सांगितलं. ती चुलीपुढं होती. हातात लोखंडी फुंकणी. मी सगळं खरं सांगितलं, अडकित्ता फेकला म्हणालो. ती उठली आणि तीच फुंकणी माझ्या खांद्यावर हाणली. मग पाठीत, मग डोक्यावर. मी हात आडवा धरला तर मनगटावर. हाड मोडल्याचा आवाज आम्हा दोघांनाही आला, तरी ती थांबली नाही.

"तो मेला म्हणून म्या देवाले नारळ फोडला होता!" ती ओरडत होती. "तो मेला म्हणून! अन् तू घरात राह्यलास!"

ती माझ्या बापाबद्दल बोलत होती. बाप गेला तेव्हा तिनं नारळ फोडला होता, हे मला त्या दिवशी कळलं.

चार-पाच दिवसांनी हाजीसाहेब आले. मनगट खपच्यांत बांधलेलं, मी खाटेवर पडलेला. त्यांनी खिशातून पत्त्यांचा जोड काढला. काही पानं धुतलेली, कडा फुगलेल्या. त्यांनी तो सबंध डाव आठवणीनं माझ्या गोधडीवर मांडला.

"खेळा, मास्तर."

"हाजीसाहेब, मले आत्ता…"

"खेळा."

मी चौकटचा हात घेतला आणि सवयीनं हुकमाला हात घातला. त्यांनी माझ्या हातावर तळवा ठेवला.

"एवढी घाई काऊन? अगोदर मोजा. नक्की हात किती?"

मी मोजले. पाच हुकूम, बदामाचा एक्का, चौकटचे दोन, किलवरचे दोन. "दहा."

"पाह्यजे बारा. दोन कुठून आणता?"

मी पानांकडं पाहत राहिलो. आणि मग दिसलं. भावाकडं बदामाचं एकच पान होतं. माझे दोन्ही फालतू बदाम त्याच्या बारक्या हुकमांनी मारायचे होते, आणि ते हुकूम ओढून टाकण्याआधी मारायचे होते. बारा हात सरळ होत होते. त्याच्या हातात जे काही मोलाचं होतं ते ती चार बारकी पानं आणि ती एकटी तिर्री, आणि त्याच्याच जोरावर तो तीन बोलला होता. बोली बरोबर होती. डाव मी बुडवला होता.

मला रडू फुटलं. हाजीसाहेबांनी पानं गोळा केली.

"अन् समजा," ते म्हणाले, "चूक त्याचीच असती, तं?"

ते उठून गेले.

महिन्यानं भाऊ घरी आला. पट्टी गेली होती. डाव्या पापणीच्या आत खड्डा. मी पायावर डोकं ठेवलं तर त्यानं पाय काढून घेतला. एका सकाळी तो विहिरीवर पाणी शेंदत होता. मदत करावी म्हणून मी गेलो आणि त्याच्या खांद्याला हात लावला. मी डाव्या बाजूनं आलो होतो. त्याचा हात आधी उठला, मग त्याला कळलं की मी आहे. कळल्यावरही तो थांबला नाही. भरलेली बादली माझ्या तोंडावर आदळली. मी खाली पडलो, तसा छातीवर बसला आणि बुक्क्या घालत राहिला, दवाखान्यातल्या त्या नाजूक हातांनी. माझे पुढचे दोन दात गेले. थकल्यावर तो बाजूला सरकून बसला. धापा टाकत म्हणाला,

"आता तू बी मार. मार नं."

"नाही मारत."

"मले वाटलं होतं बरं वाटंल." त्यानं मुठीकडं पाहिलं. "काईच वाटून नाही राह्यलं."

त्या पावसाळ्यात तो खामगावला निघून गेला, एका औषधाच्या दुकानात कामाला.

वर्षभर मी पत्त्याला शिवलो नाही. मग हाजीसाहेबांनी मला आपला भिडू केला. डॉक्टरनं दुसरा जोडीदार शोधला. माझा खेळ सुधारला तो इथून पुढं, आणि सुधारला म्हणजे काय झालं ते सांगतो. पहिलं पान टाकण्याआधी मी थांबू लागलो. हात मोजू लागलो. हाजीसाहेब काही विचित्र बोलले की आधी मनात यायचं, हे असं काऊन बोलले? त्याच क्षणी उजवा हात टेबलाखाली मूठ वळायचा. मी तो मांडीखाली दाबून बसायचो. असे बसता बसता कितीतरी डाव गेले. मग हळूहळू दुसरा प्रश्न येऊ लागला: ते असं बोलले, तर त्यांच्याकडं काय असेल? बहुतेक वेळा त्यांच्याकडं काहीतरी असायचंच.

शाळेतली छडी मी त्या दिवशी मोडली, असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. ती सुटायला अजून दोन वर्षं लागली. हात आजही शिवशिवतो.

भावाकडं मी सहा वर्षांनी गेलो. त्याचं लग्न झालं होतं, मला बोलावलं नव्हतं. माय त्याच्याकडंच राहत होती. ती दारात आली, मला पाहिलं आणि आत वळली. रविवार होता. पुढच्या खोलीत त्याच्या दोन मित्रांबरोबर त्याची बायको पानं घेऊन बसली होती. ती उठली आणि मला म्हणाली, "भाऊजी, तुम्ही बसा, मी चहा टाकते."

मी तिच्या जागी, त्याच्या समोर बसू लागलो.

"तिथं नाही," भाऊ म्हणाला. "भिडू नाही."

मी त्याच्या डावीकडच्या खुर्चीकडं वळलो.

"तिकडं बी नाही. उजवीकडं बस. तुह्ये हात मले दिसले पाह्यजेत."

त्याच्या मित्रांनी जागा बदलल्या. मी उजवीकडं बसलो आणि दोन्ही हात टेबलावर ठेवले. त्यानं पानं वाटली. बोली त्याच्याकडं आली तेव्हा तो थांबला नाही, घाबरला नाही. स्पष्ट आवाजात चार बदाम बोलला. त्याच्या भिडूनं पानं मांडली. ती काही खास नव्हती. भाऊ एका डोळ्यानं त्यांच्याकडं पाहत बराच वेळ बसला. ओठ किंचित हलत होते. तो मोजत होता. मग त्यानं पहिलं पान ओढलं, आणि चहा यायच्या आत दहाही हात करून पानं माझ्याकडं सरकवली.

"तुह्यी पाळी," तो म्हणाला. "पीस."